कानाची दुरुस्ती

सोमवारी सकाळी संपत मगदूमनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून चहा मागितला, आणि आत वैजयंतानं झटकन डोक्यावर पदर घेतला. कुणी परका माणूस थेट घरात शिरलाय असं तिला वाटलं. आवाज स्वच्छ, गुळगुळीत, शहरी होता. विमानतळावर सूचना देणाऱ्याचा असतो तसा. वळून बघितलं तर दारात तिचा नवराच. तोही दचकलेला. त्यानं गळ्यातल्या पट्ट्याला हात लावला आणि पुन्हा ओठ हलवले.

"अगं, मीच हाय," तो परका आवाज म्हणाला.

२०३८ सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. त्या सकाळी देशभरात साडेतीन हजार घरांत थोड्याफार फरकानं हेच घडलं.

संपत मगदूम म्हणजे कुस्ती मैदानाचा निवेदक. तासगाव तालुक्यातल्या हिंगणवाडीचा. पंचवीस वर्षं त्यानं सांगली, सातारा, कोल्हापूरची मैदानं गाजवली होती. मातीत दोन पैलवान भिडले, की कोण कुठल्या तालमीचा, कुणी काय डाव टाकला, कुणाची पकड सुटत चाललीय, हे तो असं सांगायचा की पार मागं ट्रॅक्टरच्या टपावर बसलेल्यालाही कुस्ती दिसायची. आवाज घोगरा, खालच्या पट्टीतला, आणि वाक्याच्या शेवटी एकदम वर चढणारा. २०३४ साली त्याच घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून गळ्याच्या खाली केलेल्या भोकातून तो श्वास घेत होता.

स्वरयंत्र गेलं तरी जीभ, ओठ, जबडा जागेवर असतात. माणूस शब्द घडवू शकतो, फक्त त्यात भरायला नाद नसतो. ती उणीव गळ्यात बांधायचा एक पट्टा भरून काढायचा. रुग्ण त्याला कंठी म्हणत. बोलताना मानेच्या आणि जबड्याच्या स्नायूंत जी बारीकशी वीज खेळते ती कंठी टिपायची, माणूस काय बोलतोय ते ओळखायची, आणि त्याच क्षणी छोट्या स्पीकरमधून ते बोलून दाखवायची. तेही त्या माणसाच्या आवाजात.

त्यासाठी एक नवा फॉरमॅट वापरलेला होता. गाणी साठवण्याच्या जुन्या पद्धतीत ध्वनीच्या लाटा सेकंदाला हजारो वेळा मोजतात, कानाला न जाणवणारा भाग टाकून देतात आणि उरलेल्याची ठरावीक घडी घालतात. घडी कशी घालायची आणि कशी उलगडायची, ती रीत म्हणजे फॉरमॅट. कंठीच्या फॉरमॅटमध्ये मात्र आवाज साठवलेला नव्हताच. आवाज जिथून निघतो तो घसाच साठवलेला होता: नळीची लांबी, टाळूची कमान, पुढच्या दातांमधली फट, नाकातून किती वारा निसटतो, दम कुठं संपतो. ऑपरेशनआधीच्या रेकॉर्डिंगवरून संगणक ही सगळी मापं काढायचा. त्याला सगळे साचा म्हणत.

पण नुसत्या रेकॉर्डिंगवरून काढलेला साचा जुळ्या भावासारखा निघतो. सगळं तेच, तरी तो नाही. म्हणून शेवटची एक पायरी होती, कानाची दुरुस्ती. यंत्र एकच वाक्य दोन तऱ्हांनी ऐकवायचं, आणि जवळच्या माणसानं सांगायचं, यातला कुठला त्याचा. त्यावरून यंत्र मापं थोडी हलवायचं आणि पुढची जोडी काढायचं. हे काम रुग्णाला स्वतःला जमत नाही. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. जगाला तो कसा ऐकू जातो ते आपल्याला कधीच नीट कळत नाही.

संपत वॉर्डात पडून होता तेव्हा वैजयंता खालच्या मजल्यावरच्या एका लहानशा खोलीत एकोणीस दिवस कानाला हेडफोन लावून बसली होती. तेराशेहून जास्त जोड्या तिनं ऐकल्या होत्या. विसाव्या दिवशी संपतनं ओठ हलवले आणि "पाणी दे" हे शब्द त्याच्याच आवाजात खोलीत आले, तेव्हा नर्ससुद्धा थांबून बघत राहिली होती.

आता ती दुरुस्ती आणि तो साचा, दोन्ही गायब झाले होते.

त्या गुरुवारी मिरजेच्या रुग्णालयात नेहमीची बैठक होती. स्वरयंत्र काढलेले बारा जण दर आठवड्याला तिथं जमत. त्या दिवशी सगळे एकदम बोलायला लागले, आणि बाराही जणांच्या गळ्यातून एकच आवाज निघाला. कोण बोलतंय ते ओठांकडं बघितल्याशिवाय कळेना. बारांत दोघी बायका होत्या. त्याही त्याच पुरुषी आवाजात बोलत होत्या, कारण बायकांसाठी वेगळा आवाज ठेवावा हे कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांतल्या एकीनं दोन वाक्यं बोलून कंठी काढली आणि पिशवीत टाकली.

पुण्याहून श्रावस्ती कांबळे नावाची तरुण वकील आली होती. कंठी बनवणाऱ्या छोट्या कंपनीची बाजू दुसरे वकील मांडत होते. श्रावस्ती रुग्णांच्या बाजूनं उभी राहायला तयार होती. तिनं समजावून सांगितलं.

"परदेशात ऑरिक्वेल नावाची कंपनी आहे. ती काहीच बनवत नाही. पेटंट विकत घेते आणि परवाने देते. गाण्यांच्या फॉरमॅटवरून असले खटले कित्येक वर्षं चालत आलेत. त्यांचं म्हणणं, माणसाच्या कानानं केलेली दुरुस्ती साच्यात साठवायची ही पद्धत आमच्या पेटंटमधली आहे, २०२७ सालची. आपल्याकडे नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, पण त्यांनी तो यंत्राला जोडून मिळवलं. परवाना न घेता वापरल्याबद्दल त्यांनी मुंबईत खटला भरला. निकाल लागेपर्यंत ती पद्धत वापरू नका, असा तात्पुरता हुकूम झालाय. दुरुस्ती साच्यातच मुरलेली असते, म्हणून साचेही बंद झाले. कुणी मुकं होऊ नये म्हणून न्यायालयानं हा साधा आवाज चालू ठेवायला सांगितलं."

"ह्यो आवाज हाय तरी कुणाचा?" कुणीतरी विचारलं.

"कुणाचाच नाही. तयार केलेला आहे."

"मग माझ्या गळ्यात कशाला?"

रुग्णांनी खटल्यात सामील व्हावं, म्हणजे त्यांचंही ऐकलं जाईल, एवढंच ती सांगू शकली. बाराही जणांनी अर्जावर सह्या केल्या.

पुढच्याच आठवड्यात हिंगणवाडीत एक पांढरी गाडी आली. गाडीतून दस्तूर नावाचे एक वयस्कर, अत्यंत सभ्य गृहस्थ उतरले. ते ऑरिक्वेलचे मुंबईतले प्रतिनिधी होते. त्यांनी संपतची जुनी मैदानं ऐकली होती, आणि खोटं कौतुक ते करत नव्हते.

"मगदूमसाहेब, तुमचा आवाज आम्ही तुम्हाला परत देऊ. जन्मभरासाठी. एकट्या तुम्हाला, खास परवाना. बदल्यात आमचा परवाना घेतलेल्या एका कुस्तीच्या व्हिडिओ गेमला तुमचा आवाज वापरू द्या. आणि तो रुग्णांचा अर्ज, त्यातून तेवढं नाव मागं घ्या."

त्यांनी दोन कागद पुढं केले. एक संपतसाठी. दुसऱ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: श्रोता. ज्यानं दुरुस्ती केली त्यानं सही करायचा कागद. वैजयंतानं चष्मा लावून तो सगळा वाचला. दुरुस्तीची पद्धत संपूर्णपणे कंपनीची असून आपण केवळ यंत्राच्या सूचनेप्रमाणे बटणं दाबली, असं तिनं लिहून द्यायचं होतं.

"विचार करून सांगतो," संपत म्हणाला. पण दस्तूर गेल्यावर त्यानं विचार केला नाही. कपाटातून पेन काढून सही केली आणि दुसरा कागद बायकोपुढं सरकवला.

"कर."

"न्हाई करणार," वैजयंता म्हणाली.

"चैतात जत्रा हाय. गावचं मैदान हाय. ह्या आवाजात बोलू का मी तिथं?"

"मी नुसती बटनं दाबली न्हाईत. लिहून द्या म्हणत्यात, दाबली म्हणून. ते खोटं हाय. आनि ते खोटं घिऊन ही माणसं त्या बाकीच्या अकरा जणांफुडं उभी ऱ्हाणार."

"माझा आवाज तुझ्या सहीवर अडलाय, कळतंय का तुला?"

हे वाक्यही त्या गुळगुळीत आवाजात आलं. साध्या आवाजाला राग येत नव्हता. त्यामुळं संपतचा राग कपाळावरच राहिला, गळ्याबाहेर पडेना, आणि त्यानं तो आणखीच भडकला. त्यानं कंठी काढली, खुंटीला अडकवली आणि बाहेर जाऊन बसला. त्यानंतर दीड महिना घरात कुणाचाच आवाज नव्हता. जेवण झालं की तो ताटावर हात आडवा धरायचा. कुठं निघाला तर चप्पल घालून निघून जायचा. वैजयंताला आपलं चुकलं असं एकदाही वाटलं नाही, पण आपण नवऱ्याचं तोंड बंद करून बसलोय हे रोज वाटायचं. एकदा तर ती कागद आणि पेन घेऊन बसलीही. सहीची जागा बघितली, आणि कागद पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला.

ती पिशवी घेऊनच ती गुरुवारच्या बैठकीला एकटी गेली. श्रावस्तीला कागद दाखवला.

"बरं झालं सही नाही केलीत, काकू," श्रावस्ती म्हणाली. "यांना असे कागद का हवेत ते आत्ता लक्षात आलं. कानाचं काम माणसाचं आहे असं कुणी म्हणू नये म्हणून. तुम्ही त्या खोलीत नेमकं काय करत होता? मला कुणीच कधी सांगितलेलं नाही."

वैजयंता सांगायला लागली. "दोन आवाज यायचे. एकाला बोट दाखवायचं. मग फुडची जोडी त्याच्या आसपासची यायची. मला वाटायचं, आंधारात कुणाचा तरी हात धरून घर हुडकतोय. कधी दोन्ही चूक असायचे, तर दोन्ही न्हाई म्हणायचं. मग ते मशीन मागं जायचं, दुसऱ्या वाटंनं यायचं. शेवटाला दोन्हींत फरकच ऐकू येईना, तवा थांबलो."

"हे तर मी केलंय," मागून तो सगळ्यांचा आवाज म्हणाला.

वैजयंतानं वळून बघितलं. मागं चार जण बसले होते. "कोण बोललं?"

खिडकीजवळच्या एका उंच म्हाताऱ्यानं हात वर केला. अल्ताफ शिकलगार. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षक. त्यांचे वडील मिरजेत तंबोरे बनवत.

"माझ्या वेळी दुरुस्तीला माझी पुतणी बसली होती. मी वॉर्डात होतो, मला काय माहीत खाली काय चालतं? पण हे मी केलंय, वहिनी. तंबोऱ्यावर. दोन हजार आठ साली."

मग त्यांनी सांगितलं. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा कानशीनं अगदी केसभर घासावा लागतो. तेव्हा तारेचा नाद उमलतो. याला जवारी काढणं म्हणतात. अल्ताफसरांचे वडील त्यात नावाजलेले होते, पण उतारवयात त्यांचे हात कापायला लागले. कान मात्र शाबूत होता. म्हणून सरांनी एक प्रोग्रॅम लिहिला. भोपळ्याचा घेर, तारेची जाडी, घोडीचा उतार अशी सगळी मापं त्यात भरली. संगणक एकाच तंबोऱ्याचे दोन नाद ऐकवायचा, वडील म्हणायचे, हा. संगणक मापं हलवून पुढची जोडी काढायचा. शेवटी कुठं किती घासायचं ते पडद्यावर यायचं, आणि ती निवड त्या तंबोऱ्याच्या फाइलमध्ये जपून राहायची. घासायचं काम सर स्वतः करायचे.

श्रावस्ती उभीच राहिली. "हे कुणाला दाखवलं होतं? बाहेर कुठं गेलं होतं? पेटंटच्या अर्जाआधी एखादी गोष्ट लोकांसमोर आलेली असेल, तर ती नवी राहत नाही. मग पेटंटच डळमळतं. पण पुरावा लागेल."

"त्या वर्षी बाहेरगावच्या प्रत्येक तंबोऱ्याबरोबर आम्ही सीडी दिली होती. पुस्तिकेसकट. घरी जवारी बिघडली तर तिथल्या कारागिराला उपयोग व्हावा म्हणून."

"तुमच्याकडे आहे एखादी?"

"एकोणीसच्या पुरात घराचा खालचा मजला गेला. त्यात सगळं गेलं."

पुढचे पंधरा दिवस वैजयंता आणि अल्ताफसर फोन करत होते; म्हणजे सर आठवून नाव सांगायचे आणि ती बोलायची, कारण तो साधा आवाज ऐकला की लोकांना जाहिरात वाटायची आणि ते फोन ठेवून द्यायचे. कुणी वारले होते. कुणी तंबोरा विकला होता. एकानं सीडी पाखरांना हुसकायला परसात टांगली होती आणि ती उन्हानं पांढरी पडली होती. सोळावा फोन धारवाडच्या शकुंतलाबाई नाडगौडांना लागला. गाणं शिकवायच्या. वय ब्याऐंशी.

"तंबोऱ्याच्या गवसणीच्या खिशात काहीतरी आहे बघा," त्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "मी कधी बाहेर काढलेलं नाही."

दोघं एसटीनं धारवाडला गेले. त्या कापडी खोळीच्या खिशात सीडी होती, सोळा पानांची पुस्तिका होती, आणि ज्या पाकिटातून हे सगळं आलं होतं ते पाकीटही होतं. त्यावर मिरज टपाल कार्यालयाचा शिक्का: नोव्हेंबर २००८. अल्ताफसरांनी पुस्तिका उघडली. पान सातवर त्यांनीच काढलेली आकृती होती: तंबोरा, संगणक आणि मध्ये एक मोठा कान. त्यांनी त्या कानावरून बोट फिरवलं. मग शकुंतलाबाईंनी न विचारताच तंबोरा काढून छेडला, आणि सर डोळे मिटून ऐकत बसले.

तीस वर्षांपूर्वीची सीडी चालवायला तेवढाच जुना संगणक लागत होता. तो श्रावस्तीनं कुठून तरी मिळवला. न्यायालयात प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं, आणि त्याची तालीम करायला अल्ताफसर संगणक घेऊन हिंगणवाडीला आले. संपत ओसरीवर पाठ करून बसला होता. त्यानं मान हलवून नमस्कार केला, एवढंच.

आत सरांनी प्रोग्रॅम चालू केला. वैजयंता समोर बसली. पहिला नाद. दुसरा नाद. तिला तंबोऱ्यातलं काही कळत नव्हतं, पण ऐकायचं कसं ते ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले, मान जराशी डावीकडं कलती केली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. "दुसरा," ती म्हणाली. मग "पहिला." मग "दोन्ही न्हाई, मागं जावा." असं तासभर चाललं. कपाळावर घाम आला तरी तिनं तो पुसला नाही.

संपत कधी दाराशी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही. एकोणीस दिवस, हे त्यानं कित्येकदा ऐकलं होतं. एकोणीस दिवस म्हणजे काय, हे मात्र तो पहिल्यांदाच बघत होता. मैदानात जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधतात; त्याला घडवणारा वस्ताद गर्दीत कुठं उभा असतो ते कुणी बघत नाही. संपत स्वतः मैदानात मुद्दाम त्या वस्तादाचं नाव पुकारायचा. घरातल्याचं त्यानं कधी पुकारलं नव्हतं.

त्यानं खुंटीवरची कंठी काढून गळ्यात बांधली.

"मीबी येतो मुंबईला," तो त्या सगळ्यांच्या आवाजात म्हणाला. मग खिशातून आपल्या सहीचा कागद काढून फाडला आणि चुलीत घालायला तिच्यापुढं ठेवला.

वैजयंतानं डोळे उघडले. "चहा टाकते," ती म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरात गेली, कारण तिथं बसून राहिली असती तर सरांसमोर रडू आलं असतं.

न्यायालयात ऑरिक्वेलच्या वकिलांनी आधी वैजयंताला प्रश्न विचारले. मोठे वकील होते, आवाज चढवत नव्हते.

"आपण यंत्राच्या सूचनेप्रमाणे बटण दाबत होता, बरोबर?"

"न्हाई साहेब. यंत्र विचारत होतं. सांगत मी होते."

"पण हिशेब यंत्रच करत होतं."

"मापं त्याची. पण हा माणूस कोण, हे त्याला कुठं म्हाईत होतं?"

मग अल्ताफसरांची पाळी आली. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "माझा आणि या बाकीच्या लोकांचा आवाज सध्या एकच आहे. लिहून घेणाऱ्यांनी नावं जपून लिहावीत." मागच्या बाकांवर हशा पिकला. वकिलांनी विचारलं, लाकडी वाद्य आणि माणसाचा घसा यांची तुलना कशी होईल?

"दोन्हींत एक पोकळी असते, एक कंप पावणारी गोष्ट असते, आणि दोन्ही बरोबर आहेत की नाही ते मोजून कळत नाही, ऐकून कळतं," सर म्हणाले. "मी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, हीच रीत माणसाच्या गळ्यालाही लावता येईल. तेव्हा गंमत म्हणून लिहिलं होतं. माझ्याच गळ्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

न्यायमूर्ती बाईंनी ते पान मागवून घेतलं. वाचलं. मग म्हणाल्या, "मला हे ऐकायचंय." हेडफोन दिला गेला. पहिला नाद झाला, दुसरा झाला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. "दुसरा," त्या म्हणाल्या. पुढची जोडी. "पहिला." पाच-सहा जोड्यांनंतर त्या खुर्चीत थोड्या पुढं सरकल्या.

"आता मी हे काय केलं?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्ती, मॅडम," अल्ताफसर म्हणाले.

पेटंट टिकेल की नाही याचीच गंभीर शंका आहे, असं म्हणून दोन आठवड्यांनी तात्पुरता हुकूम उठवण्यात आला. पेटंटचा तो भाग रद्द व्हायला पुढं वर्ष लागलं. पण कंठ्या सुटल्या.

एक अडचण मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. हुकूम पाळताना कंठीच्या कंपनीनं सगळे दुरुस्त साचे पुसून टाकले होते. मूळ रेकॉर्डिंग होतं, त्यावरून साचा पुन्हा निघाला, पण तो जुळा भाऊच निघाला. वैजयंताला पुन्हा त्या खोलीत बसावं लागणार होतं, आणि या वेळी तिला भीती वाटत होती. साडेतीन वर्षं तिनं दुरुस्त केलेला आवाज ऐकला होता, मग काही महिने काहीच नाही. खरा कुठला, ते आपल्याला आठवतंय का?

तिसऱ्या दिवशी ती अडली. दोन्ही आवाज त्याचे वाटत होते आणि दोन्ही नव्हते. संपत या वेळी शेजारीच होता. यंत्रानं दिलेली वाक्यं तो बोलत होता: हवामानाची, रस्त्यांची, फळांच्या नावांची.

वैजयंतानं हेडफोन काढला. "ह्या वाक्यांनी न्हाई व्हायचं. भांडा माझ्याशी."

"काय?"

"त्या कागदाचं भांडण. तवा तुमचा राग तोंडातनं आलाच न्हवता. आता करा."

संपत आधी हसला. मग सुरू झाला, आणि सुरू झाल्यावर खरंच भडकला. तू मला विचारलं होतंस का? दीड महिना कुत्र्यासारखा ओसरीवर बसलो. जत्रा गेली, मैदान दुसऱ्यानं बोललं. त्याचा आवाज खाली घुसला, फाटला, वाक्याच्या शेवटी वर चढला, आणि वैजयंता हेडफोन पुन्हा चढवून बटणं दाबत सुटली. "ह्यो. ह्यो न्हाई. परत म्हणा. ह्यो!" मध्येच ती त्याला उलट उत्तरंही देत होती. खोलीबाहेर नर्स येऊन डोकावून गेली. आठ दिवसांत साचा जुळला.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या मैदानात संपत पुन्हा उभा राहिला. कुस्ती संपल्यावर एक जुना पैलवान जवळ येऊन म्हणाला, "आबा, आवाज जरा वेगळा वाटतोय. मऊ झालाय."

"मऊ कसा आसंल?" संपत म्हणाला. "घरच्या भांडणातनं काढलाय."

अल्ताफसरांनी आपला जुना प्रोग्रॅम नव्यानं लिहिला, गळ्यासाठी, आणि सगळ्यांना वापरायला मोकळा करून टाकला. कुणाला परवाना मागायची गरज नाही. लोक त्यात भर घालत गेले, आणि त्यातून एक गोष्ट निघाली जी आधी कुणी करून बघितली नव्हती. ज्यांचं रेकॉर्डिंगच नव्हतं त्यांनाही आवाज मिळू लागला. सख्ख्या बहिणीचा किंवा भावाचा घसा मोजायचा, तिथून सुरुवात करायची, आणि पुढचं सगळं ओळखीच्या माणसाच्या कानावर सोपवायचं. वेळ जास्त लागायचा, पण जमायचं. वैजयंता दर गुरुवारी त्या खोलीत बसायला लागली. नव्या माणसांना ऐकायचं कसं ते ती शिकवायची.

चाळीस सालच्या फेब्रुवारीत जत तालुक्यातून कस्तुरा कोळेकर आली. ऑपरेशनला सहा वर्षं झाली होती. तेव्हा आवाज भरून ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिच्याकडं फोनही नव्हता. सहा वर्षं ती हातवाऱ्यांवर जगली होती. बरोबर थोरली बहीण सोनाबाई होती; तिचाच घसा मोजून सुरुवात झाली होती. बाराव्या दिवशी आवाज दोन जागी येऊन थांबला. एक बेताचा, गोड. दुसरा उंच, कातरा.

वैजयंतानं दोन्ही लावून दाखवले. "सावकाश ठरवा, मावशी. घाई न्हाई."

सोनाबाईनं क्षणाचाही विचार केला नाही. "दुसरा. हीच ती. बांधावरनं हाक मारली की तिसऱ्या वस्तीवर ऐकू जायची."

वैजयंतानं दुसरा आवाज कंठीत चढवला आणि कस्तुराला खूण केली. कस्तुरा बहिणीकडं रागानं बघत होती. तिनं तोंड उघडलं.

"एवढी काय किंचाळत नव्हते मी!"

ते वाक्य इतकं उंच, इतकं कातरं निघालं की खिडकीतली चिमणी उडाली. मग सोनाबाई हसायला लागली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग ती हसतेय की रडतेय ते कळेना. "आगं माझ्या बाई," ती एवढंच म्हणत राहिली. "आगं माझ्या बाई."

वैजयंतानं हळूच विचारलं, "मावशी, पहिला लावू का? मऊ हाय. आवडंल तुम्हाला."

कस्तुरानं गळ्यातल्या कंठीवर तळहात ठेवला. मग तिनं बहिणीकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे ह्योच," ती म्हणाली. "हिला वळखू येतोय न्हवं."